उन्नतीच्या शेजारची जागा

ये हेमांगी, आत ये. मटकी निथळत ठेवलीये, डबा आणलास ना? बस जरा. लाइट काही लगेच येत नाही. वैशाली मेट्रो स्टेशनापर्यंत सगळा पट्टा अंधारात आहे आणि आपल्या सोसायटीचा जनरेटर लिफ्टपुरताच. हा दिवा चालेल तोवर चालेल. तू इथे नवीन आहेस, म्हणून मघाशी जिन्यात विचारलंस की आमची उन्नती एवढ्या लांब एकटी कशी गेली. सगळेच विचारतात. मी सांगते, हुशार आहे, स्कॉलरशिप मिळाली, गेली. तुला खरं काय ते सांगते. दादारावच्या कानावर मात्र जाऊ देऊ नकोस.

दादाराव म्हणजे माझा धाकटा भाऊ. वहिनी गेली तेव्हा उन्नती चौथीत होती. मी बदली मागून दिल्लीच्या ऑफिसात आले, इथे गाझियाबादला भावाकडे राहिले आणि पोरीला वाढवलं. ती मला आत्या म्हणते, पण शाळेतल्या कागदांवर आईच्या जागी माझीच सही असायची. आणि एक सांगते, आमच्या घरात भूत हा शब्द चालत नाही. कुणी गंडादोरा बांधून आला तर दादाराव दारातच त्याची शाळा घेतो. मीही त्यातलीच. म्हणून जे आता सांगणार आहे, त्याला मी भूत म्हणत नाही. सोबत म्हणते.

दोन वर्षांपूर्वी कॉलेज संपलं आणि उन्नती मैत्रिणीला, सलोनीला, घेऊन महिनाभर युरोप फिरायला गेली. सगळा प्रवास रेल्वेनं. तिकडे एक पास मिळतो, मोबाईलमध्येच असतो. तो दाखवायचा आणि गाडीत चढायचं. आज या देशात, उद्या त्या. आमच्या घराण्यात असं कुणी केलं नव्हतं गं. मी स्वतः पस्तिशीपर्यंत वर्ध्याच्या पुढे गेले नव्हते, आणि ही पोर पाठीवर सॅक अडकवून आल्प्सचे डोंगर ओलांडत होती. रोज व्हिडिओ पाठवायची. गाडी तळ्याच्या अगदी काठानं चाललीये, समोर टेबलावर चहाचा कप, आणि कपातला चहा हलतसुद्धा नाही. मी तो व्हिडिओ ऑफिसात टेबलाटेबलावर जाऊन दाखवला. स्वतःच्या प्रमोशनला मी इतकी मिरवले नव्हते.

तर, एकदा डोंगरातल्या एका छोट्या स्टेशनावर गाडी थांबली. सलोनी पाण्याची बाटली भरायला खाली उतरली. आपली सवयच ती, इटारसीला नाही का उतरत आपण? गाडी शिट्टी देईल, हलेल, मग पळत चढू. तिकडची गाडी शिट्टीबिट्टी देत नाही. दारं मिटली आणि गाडी सरकली. सलोनी बाटली घेऊन फलाटावर उभी.

उन्नतीला धडकीच भरली. फोन झाला, सलोनी मागच्या गाडीनं येते म्हणाली. म्हणजे शेजारची जागा आता रिकामीच राहणार होती. तरी हिनं गळ्यातला स्टोल काढला आणि त्या जागेवर पसरला. आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, तसा. एकटं वाटू नये म्हणून केलं म्हणाली. एका माणसानं विचारलं, इथे कुणी आहे का? ही म्हणाली, हो, येतंय कुणीतरी.

मग बोगदा लागला. लांबच लांब. डब्यात दिवे होते, तरी बाहेरचा काळोख काचेतून आत झिरपतोय असं तिला वाटत राहिलं. गाडीचा आवाज बदलला, जड झाला... आणि वास आला. कोळशाच्या धुराचा, आणि ओल्या लोकरीचा. उन्हाळ्याचे दिवस, काचा बंद, गाडी विजेवर चालणारी. वास शेजारच्या जागेवरून येत होता. तिनं मान वळवली नाही.

बोगदा संपला आणि तिकीट तपासणारा आला. हिचा पास त्यानं मशीनवर तपासला. मग तो रिकाम्या जागेकडे वळला, टोपीला हात लावला, मशीन पुढे धरलं... आणि मशीनवर हिरवा दिवा लागला. त्यानं त्या जागेला थँक्यू म्हटलं आणि पुढे निघून गेला. स्टोल तसाच पसरलेला होता, फक्त मधोमध दबला होता.

सलोनी संध्याकाळी मोठ्या शहरात येऊन भेटली. पुढच्या गाडीत ती उन्नतीच्या शेजारी बसायला गेली आणि तशीच उठली. म्हणाली, यार, सीट बर्फासारखी गार आहे. समोर जाऊन बसली. त्यानंतर महिना संपेपर्यंत हेच. गाडी कितीही भरलेली असो, लोक यायचे, त्या जागेकडे बघायचे, मान लववायचे आणि पुढे जायचे. सलोनी घाबरून अर्धी झाली. परत आल्यावर तिनं आमच्याकडे येणंच सोडलं.

उन्नती मात्र घाबरली नाही. तिनं मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकत होते. एका स्टेशनावर तीन दारू प्यायलेली पोरं हिच्या रोखानं आली होती. चार पावलांवर थांबली, हिच्या बाजूला बघितलं, खाली मान घालून सॉरी म्हणाली आणि आल्या वाटेनं परत गेली. "आत्या," ती म्हणाली, "मी दिल्लीत मेट्रोत कधी डोळे मिटले नाहीत. कधीच नाही. तिकडे मी गाडीत झोपले गं. फोन मांडीवर ठेवून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपले."

काय सांगू तुला! बावीस वर्षांची पोर, आणि गाडीत झोप लागली याचं तिला एवढं अप्रूप. पण वरून मी झापलंच तिला. म्हटलं, डोकं फिरलंय तुझं, बाबाला ऐकवू नकोस.

पुढे एका रविवारी आम्ही दोघी कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदनात जेवायला निघालो. तिला झुणका-भाकर खायची होती. वैशालीला मेट्रोत बसलो. माझ्या डाव्या हाताला उन्नती, तिच्या पलीकडे एक जागा मोकळी. आनंद विहारला लोंढा आत शिरला. तुला माहीत आहे तिथली गर्दी, बोचकी, बॅगा, पोरंबाळं, माणसावर माणूस. ती जागा मोकळीच राहिली. एक दांडगा माणूस डोक्यावरचं पोतं उतरवून बसायला वळला. वळला आणि थबकला. "माफ़ करना जी," म्हणाला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

मी उन्नतीच्या मांडीवरून हात लांबवला आणि त्या जागेवर ठेवला. गार... एप्रिल महिन्यात एवढी गार. आणि थंडीत वॉचमन लोक शेगडी पेटवतात ना, तसा कोळशाचा वास. उन्नती खिडकीला डोकं टेकून शांत झोपली होती. दिल्लीच्या मेट्रोत, भर गर्दीत. मी हात झटकन मागे घेतला आणि तरी, खोटं कशाला बोलू, मला तिच्या त्या झोपेचं कौतुक वाटत होतं.

यंदा तिला ऑस्ट्रियातल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. दोन वर्षांसाठी, एकटीनं. दादारावनं साफ नकार दिला. फिरायला गेली तेव्हा दोघी होत्या, आता परक्या देशात पोरगी एकटी, रात्री-अपरात्री गाड्यांनी फिरणार, काही झालं तर कोण आहे तिथे? उन्नती भांडली नाही. दोन दिवस जेवली नाही, बस. तिसऱ्या दिवशी मीच भावाला म्हटलं, "जाऊ दे तिला. एकटी नाहीये ती. शब्द देते तुला." माझा शब्द तो मोडत नाही. कुणाच्या जोरावर दिला, ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

विमान दुपारचं होतं. दादारावला निरोप द्यायला जमेना, तो घरीच थांबला. विमानतळाच्या दारापर्यंत मी गेले. ट्रॉलीवर दोन बॅगा, बाजूला उन्नती, आणि तिच्या पलीकडे माणूसभर मोकळी जागा. एवढ्या धक्काबुक्कीतही त्या जागेला वळसा घातल्याशिवाय कुणी जात नव्हतं.

उन्नतीला जवळ घेतलं. मग मी त्या मोकळ्या जागेकडे वळले. दोन वर्षांत आमच्यापैकी कुणी त्या सोबतीशी बोललं नव्हतं, उन्नतीसुद्धा नाही. पण म्हटलं, पोरीला सांभाळलंय, निदान हात तरी जोडावे. मी हात जोडले. "तुमचे फार उपकार आहेत," मी म्हटलं. "आई नाही हिला. तिकडेही लक्ष ठेवा." एवढ्यावर थांबायला हवं होतं मी. पण आपलं तोंड, हेमांगी. आपण कुणाचाही निरोप घेतला की म्हणतोच ना? दूधवाल्याला म्हणतो, साहेबाच्या बायकोला म्हणतो. मनात काही नसतं, नुसती रीत. मी म्हटलं, "आणि या कधी घरी. जेवायलाच या."

उन्नती हसली. "काय गं आत्या," म्हणाली आणि ट्रॉली ढकलत आत गेली. दारावरच्या जवानानं तिचा पासपोर्ट बघितला, तिला सोडलं. तिच्या मागचा माणूस तिला अगदी खेटून आत गेला. मध्ये जराही जागा सोडली नाही त्यानं. ते मी बघितलं, पण डोळे भरून आले होते, डोक्यात काही शिरलं नाही.

परतताना द्वारका स्टेशनाला मेट्रो बदलली आणि लेडीज डब्यात बसले. राजीव चौकात बायकांचा लोंढा आला. एक बाई, कडेवर मूल, हातात पिशवी, माझ्यासमोर आली. माझ्या शेजारी जागा होती. तिनं त्या जागेकडे बघितलं, मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि उभीच राहिली. मी म्हटलं, "बैठो ना बेटा, ख़ाली है." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वाईट बोलले. मग... वास आला.

जेवायला या म्हटलं होतं मी, आणि ते निघालं होतं माझ्याबरोबर. मग पोरीबरोबर कोण गेलं?

तेव्हापासून हे मी कुणाला बोलले नाही. उन्नतीला तर नाहीच. तिला वाटतं सोबत आहे. त्याच विश्वासावर ती तिकडे धीटपणे फिरते, गाडीत झोपते. मी सांगितलं तर तिचे डोळे परत मिटायचे नाहीत. आणि नाही सांगितलं, तर उद्या चार पावलांवर कुणी थांबणार नाही, आणि ही मात्र गाढ झोपलेली असेल. रोज रात्री हाच विचार करत पडून राहते मी.

परवा जेवायला बसलो होतो, मी आणि दादाराव. उन्नतीचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला. गाडीतच होती. खुशीत होती पोरगी. म्हणाली, "आत्या, आज गाडी एकदम फुल आहे. माझ्या शेजारी एक आजी येऊन बसल्यात, मला सफरचंद कापून देतायत. पहिल्यांदाच कुणीतरी शेजारी बसलं गं." माझा घास हातात राहिला. मी हळूच विचारलं, "आणि... तुझी सोबत?" ती हसली. "असेल इथेच. म्हाताऱ्या बाईला जागा दिली असेल उठून." मग डोंगर आला, फोन तुटला. बोगदा लागला असणार.

दादारावनं भाजीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "ताई, पाहुण्यांना वाढ ना आधी."

मी त्याच्याकडे बघत राहिले. दादाराव, अख्ख्या गाझियाबादला अंधश्रद्धेवर भाषणं देणारा माणूस... शांतपणे भाकरी मोडत होता. मी ताट घेतलं, मांडलं, वाढलं. काय करणार, बोलावलं मीच होतं. मग हात जोडले आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीला म्हटलं, "जेवण झालं की निघा आता तुम्ही. पाया पडते. पोरगी तिकडे एकटी आहे."

दादारावनं वर बघितलं, मला नाही, खुर्चीला. संकोचून हसला, घरच्या माणसानं पाहुण्यासमोर भलतंच काही बोलून टाकावं तसा.

"हिचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "बसा हो तुम्ही. निवांत राहा इथेच, घाई काय आहे?"