निळी करंगळी

"तुमचा ग्लोव्ह फाटलाय."

हिंदी मुलखातल्या भैरवगढच्या छपाई कारखान्यात निहारिका मावशीसाठी चादरी घ्यायला आली होती. निळीच्या हौदाशी ग्लोव्ह काढून उभा असलेला माणूस फोनवर आईशी मराठीत बोलत होता, म्हणून तीही मराठीतच म्हणाली.

"नवा आहे, मॅडम. परसोंच काढला."

"मग करंगळी निळी कशी?"

तिने त्याच्या हातातला ग्लोव्ह घेतला, मनगटाशी पिळून हवा कोंडली आणि गालाशी धरला. गालाला बारीकशी झुळूक लागली. "हे बघा. टाचणीएवढं भोक."

तो हसायला लागला. "भोक सापडलं... पण तुमचा गाल निळा झाला ना!"

निहारिका ओशाळली. तिच्या प्रयोगशाळेत वापरलेला ग्लोव्ह चेहऱ्याजवळ नेणं हा गुन्हाच होता. सहा वर्षांत तिच्याकडून असं कधी झालं नव्हतं.

त्याचं नाव आल्हाद. पंधरा दिवसांच्या सुट्टीत मावशीच्या चादरी तीनदा बदलून झाल्या. हौदातून हिरवट निघालेलं कापड हवा लागताच निळं होतं, ते बघत दोघं कटिंग चहा प्यायची. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, कळलंच नाही.

शेवटच्या दुपारी तिने कप खाली ठेवला.

"सोमवारी नव्या लॅबमध्ये रुजू व्हायचंय. कोणी मुद्दाम रोग पसरवला, तर लस तयार हवी... ते काम. दोन वर्षं. फोन आत नेता येत नाही, घरी काही सांगता येत नाही. हे ऐकून दोन स्थळं परत गेलीत, आल्हाद. आणि मी हे काम सोडणार नाहीये."

हा तिसरा नकार तिला सोसणार नव्हता.

आल्हादने हौदातलं कापड वर ओढून दांडीवर टाकलं.

"आत एकटी जातेस?"

"नाही. नेहमी दोघं. एकमेकांचे ग्लोव्ह्ज तपासल्याशिवाय दार उघडायचं नाही."

"बस, एवढंच विचारायचं होतं." त्याने फळीवरून ग्लोव्ह्जची कोरी जोडी काढली, एकेकात हवा कोंडली आणि डोळे मिटून गालाशी धरली. मग ती तिच्या हातात ठेवली. "भोक नाही. जा तू. रोज बाहेर आल्यावर फोन कर... मी इथेच आहे."

"इतक्यात नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याचंही तपासायचं असतं. हात दाखव."

करंगळी आता जवळजवळ स्वच्छ होती. फक्त नखाच्या कडेला एक रेघ उरली होती.

"थोडं निळं आहे अजून."

"मग?"

"मग..." तिने ती करंगळी मुठीत धरली, "दिवाळीत पुन्हा तपासावं लागेल. तुझ्या आईला सांगून ठेव, या वेळी चादरी घ्यायला नाही, त्यांना भेटायला येतेय म्हणावं."