तांब्याचा टोप आणि मुका डबा

कासारखिंड घाटाच्या पायथ्याशी पूर्वी टोलनाका होता. तिथं गाड्यांची रांग लागायची आणि रांगेत भांडणं. आता नुसती एक उंच कमान आहे. गाडी खालून गेली की टपावरचा डबा टुणकन वाजतो, टोल आपोआप वळता होतो आणि कुणी कुणाच्या आईबापाचा उद्धार करत नाही. मला कमान आवडते ती एवढ्यासाठीच.

त्या दिवशी आमचा डबा वाजला नाही.

टेम्पो चालवत होता माझा मुलगा भालचंद्र. मध्ये माझी नात मृण्मयी, चौथीतली, आणि खिडकीशी मी. मागं गोधड्यांत गुंडाळलेला तांब्याचा कळस. आम्ही तांबट. तांबं ठोकून भांडी घडवणं हे आमचं पिढ्यांचं काम. घाटमाथ्यावर कालिकेचं देऊळ नवं बांधलंय, त्यावर दुपारच्या मुहूर्ताला हा कळस चढायचा होता. भालूच्या हातचा पहिला कळस. तो आठवडाभर कुणाशी धड बोलला नव्हता, जेवताना ताटाच्या कडाही बोटानं ठोकून, मठारून बघत होता.

कमानीवर तांबडा बाण लागला आणि आम्हाला कडेला घेतलं. चौकीतून घाटराखा आला. हे घाटावरचं यंत्र. शेळीएवढं, चार पायांवर चालतं आणि मान उंच करून माणसासारखं बोलतं. त्यानं सांगितलं की तुमची गाडी हाकेला ओ देत नाही. वर दाट धुकं आहे, मुक्या गाडीला घाटात सोडता येत नाही.

भालू म्हणाला, टोल हातानं भरतो, जाऊ दे. घाटराखा म्हणाला, प्रश्न टोलचा नाही. मग मी खाली उतरले. त्याला म्हटलं, तुला इथं उभं करायच्या आधीपासून आम्ही या घाटानं जातोय, आम्हाला वाट तू दाखवणार होय?

त्याला राग येत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. मान खाली करून तो म्हणाला, "आजीबाई, वाट आपल्याला माहीत आहे. वळणापलीकडे आत्ता काय उभं आहे, ते माहीत नाही."

मी तिथंच वाद सोडला. का, ते पुढं सांगते.

मृणूनं त्याला विचारलं की डबा नेमकं करतो काय. घाटराखा तिच्याजवळ बसला आणि सांगू लागला. या कामाला म्हणतात लघुपल्ला बिनतारी संदेशवहन (म्हणजे तारेशिवाय, जवळच्या जवळ निरोप देणं-घेणं). कमान विचारते, तू कोण? डबा आपला क्रमांक सांगतो. टोल वळता होतो. एवढं डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण डब्याचं खरं काम तिथून पुढं. तो एका सेकंदात दहा वेळा बोलतो. मी इथं आहे, या वेगानं चाललोय, आत्ता ब्रेक दाबला. आजूबाजूच्या गाड्यांचे डबे ते ऐकतात आणि आपलं सांगतात.

मृणूनं विचारलं, मग मोबाइल का नको? तो तर लांबवर बोलतो.

घाटराखा म्हणाला, मोबाइलचं बोलणं आधी दूरच्या मनोऱ्याकडे जातं आणि मग फिरून येतं. घाटात मनोरा मिळेलच असं नाही. डबा सरळ शेजाऱ्याशी बोलतो. त्याचा पल्ला (आवाज पोचेल तेवढं अंतर) दोन-तीन वळणांचाच आहे, पण पुढच्या गाडीनं ब्रेक दाबला हे मागच्या गाडीलाच कळायला हवं, साऱ्या मुलखाला नाही.

हे मला पटलं. विहिरीत कुणी पडलं तर माणूस पत्र लिहीत नाही, शेजारणीला हाक मारतो.

आता कोडं सुरू झालं. भालू टपावर चढला, डबा काढून खाली आणला. घाटराख्यानं हाक दिली, डबा टुणकन वाजला. ठणठणीत होता. भालूनं तो वर नेऊन जागेवर बसवला. पुन्हा हाक दिली, डबा मुका. खाली आणला की बोलतो, वर ठेवला की तोंड शिवल्यासारखा गप्प. वायर बदलली. जागा पुसली. घाटराख्यानं आपल्याजवळचा नवाकोरा डबा दिला, तोही वर जाऊन मुका झाला. भालू वैतागून म्हणाला, या टपालाच कुणाची दृष्ट लागलीय.

मुहूर्त जवळ येत होता. मी भालूवर डाफरत होते, तो वायरीवर डाफरत होता. गप्प होती ती मृणू. एरवी हिची जीभ माझ्यावर गेलीय, म्हणून माझं लक्ष गेलं. ती टपाकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"आजी," ती म्हणाली, "बाबा डबा वर ठेवतात आणि मग त्यावर माझा टोप घालतात."

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तांबटाच्या घरात नवी वस्तू आली की घरातलं सगळ्यांत लहान पोर तिच्यासाठी तांब्याचं काहीतरी ठोकतं. ही आमची रीत. हा टेम्पो आला तेव्हा टपावरचा तो प्लॅस्टिकचा पांढरा डबा भालूला बघवेना. तांबटाच्या गाडीच्या कपाळावर प्लॅस्टिक? मग मृणूनं त्याच्या मापाचा टोप घडवला, वरून डब्याला चारी बाजूंनी झाकणारा. त्यावर कालिकेचा मुखवटा उठवला. तिचं आयुष्यातलं पहिलं काम. कालच तो बसवला होता, आणि पातेल्यावर झाकण ठेवावं तसा आम्ही तो दर वेळी डब्यावर परत घालत होतो.

घाटराखा म्हणाला, उत्तर बरोबर आहे. डबा बोलतो तो रेडिओलहरींनी (दिसत नाहीत, पण उजेडाच्याच कुळातल्या लाटा). यांची लांबी तीन बोटांएवढी. लाकूड, काच, प्लॅस्टिक यांतून त्या पार होतात. धातूवर आदळल्या की त्यांचं परावर्तन होतं (आपटून मागं फिरतात). चारी बाजूंनी तांबं असेल तर आतली लहर आतच राहते आणि बाहेरची हाक बाहेर. डोंगरही त्यांना अडवतो, म्हणून वळणावळणावर खांब उभे केलेत आणि प्रत्येक गाडी मागच्या गाडीला निरोप पुढं देते. त्या साखळीत एक गाडी मुकी असली तर तिच्या मागच्या सगळ्या बहिऱ्या.

आता टोप काढायचा, एवढंच. पण भालू हलेना. कालिकेच्या देवळाला निघालोय आणि वाटेतच कालिकेला गाडीवरून उतरवू? त्यापेक्षा इथूनच मागं फिरू, कळस उद्या चढेल. मृणू बापाकडे सरकली. तिचा टोप होता. तिलाही वाटत होतं की तो काढू नये.

तेव्हा मी ते बोलले, जे घरात फारसं बोलत नाही. मृणूचे आजोबा याच घाटात अपघातात गेले. धुकंच होतं. वळणापलीकडे एक ट्रक बंद पडून उभा होता. ट्रकवाल्यानं रस्त्यात दगड मांडले होते, झाडाच्या फांद्या टाकल्या होत्या, ओरडतही होता बिचारा. पण ओरडणं वळण ओलांडून येत नाही. यांच्या गाडीला देवी होती, पुढं लिंबू-मिरची होती, कशाची कमी नव्हती. कमी होती ती सांगणाऱ्याची.

मी भालूला म्हटलं, "तोंड बांधून ठेवलेला राखणदार कुठल्या देवीला आवडेल? काढ तो."

भालूनं टोप काढला आणि मृणूच्या हातात दिला. डबा लगेच वाजला. मृणूनं ओढणीनं टोप पुसला आणि मांडीवर मुखवटा खाली करून ठेवला. देवीचं तोंड तिला बघायचं नव्हतं.

घाटराख्याला ते समजलं का, मला माहीत नाही. यंत्राला किती समजतं ते यंत्रालाच ठाऊक. पण त्यानं आपल्याजवळचा डबा उघडून तिच्यापुढं धरला. आत एक चकचकीत पट्टी होती, लाल, नखाएवढी. ती अँटेना (लहरी सोडणारी आणि पकडणारी पट्टी). मृणूनं तिला बोट लावलं आणि धातू लगेच ओळखला. आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही.

"हे तर तांबंच," ती म्हणाली.

घाटराखा म्हणाला, तांब्यात विजेचे बारीक कण मोकळे हिंडतात. लहर आली की ते तिच्या तालावर हलतात. भोवती भिंत उभी केली तर तेच कण लहरीला परत फेकतात. नेमक्या मापाची पट्टी करून तार जोडली तर तेच कण तिचा निरोप आत पोचवतात. धातू एकच. माप आणि जागा वेगळी.

वर धुकं असं होतं की वायपरच्या पुढचं काही दिसत नव्हतं. भालू बैलगाडीच्या चालीनं नेत होता. एका वळणाआधी डबा बोलला. वळणापलीकडे दरड, गाड्या उभ्या, थांबा. भालू थांबला. समोर रस्ता मोकळाच दिसत होता, म्हणजे दिसत काहीच नव्हतं. आम्ही बसून राहिलो. ते कुठलं वळण होतं ते मी ओळखलं होतं. मृणूचे आजोबा गेले, तेच.

मग मागं जड गाडीचा आवाज आला, चढ चढत येणारा. मृणूनं माझा हात धरला. आवाज हळू झाला, आणखी हळू झाला आणि थांबला. धुक्यात दोन पिवळे दिवे, आमच्या मागच्या फळीपासून चांगले लांब. एसटी होती, भरलेली. आत एक बाळ रडत होतं आणि कुणी तरी कंडक्टरला विचारत होतं की मध्येच का थांबलो.

"त्यांना आपल्या डब्यानं सांगितलं?" मृणूनं विचारलं.

मी म्हटलं, "हो. आपल्याच."

दरड उपसेपर्यंत मुहूर्त टळला. कळस ऊन कलल्यावर चढला. भटजी कुरकुरले, तर मी त्यांना म्हटलं, देवी घाईत नाही, घाई तुमच्या पुढच्या कामाची आहे.

टोप आता टेम्पोच्या मागच्या लाकडी फळीवर बसवलाय. मृणूनंच खिळे मारले. देवी आता मागून येणाऱ्यांकडे बघते आणि टपावरचा प्लॅस्टिकचा डबा उघडा आहे. भालूला अजून तो बघवत नाही, पण हात लावत नाही. मृणूनं मात्र माझ्याकडून तांब्याच्या पत्र्याची कातरण मागून घेतलीय. लहरीचं तीन बोटांचं माप धरून ती अँटेनासारख्या पट्ट्या कापत बसते. परतताना घाटराख्यानं सांगितलं होतं की आजोबांच्या त्या वळणावरच्या खांबाची हाक अजून थोडी कमी पडते.