एकी-बेकीचं कणीस

शेगडी एक. टोपलीत कणसं एकतीस. लिंबं नऊ, ओल्या फडक्यावर ओळीनं मांडलेली. लोण्याची वाटी एक, तिखटाची पुडी एक, मिठाची एक. शेगडीमागं उकिडवा बसलेला, फौजी बूट घातलेला तरुण एक. आणि गिऱ्हाईक... एकही नाही.

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात मनकर्णानं हे सगळं मोजलं ते निव्वळ सवयीनं. पुण्याच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन ती यंदाच बी. एस्सी. झाली होती. पाकळ्या आणि पुंकेसर मोजून मोजून डोळ्यांना खोडच लागली होती तिच्या. भादव्याची भुरभुर सुरू झाली म्हणून ती जवळच्या ताडपत्रीखाली शिरली, आणि ताडपत्री नेमकी या कणीसवाल्याची निघाली.

"घ्या की एखादं," तो म्हणाला. "निवाऱ्याचं भाडं समजा."

"भाडं मालकाला देतात. इथं मालकच मला कणीस देतोय."

"आमच्याकडं उलटाच कारभार हाय." तो हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर एक खळी पडली. डाव्या गालावर पडली नाही, हेही मनकर्णानं टिपलं.

"कणसाला लोणी कशाला?"

"ही मेक्सिकोची तऱ्हा हाय." त्यानं एक कणीस निखाऱ्यावर फिरवायला घेतलं. "लढाईत मी आसामच्या रस्त्यावर लॉरी चालवायचो. संगं एक अमेरिकन डायवर हुता, मूळचा मेक्सिकोकडचा. नाव रामोन. आमी रामूच म्हनायचो. तिथल्या डोंगरात मका लई. रामू कनीस भाजायचा, त्याला पांढरं कायतरी चोपडायचा, वर डब्यातलं चीज किसायचा, तिखट भुरभुरायचा, लिंबू पिळायचा... वर्स झालं परत येऊन, पर जिभंवरनं ती चव जात न्हाई बगा."

बोलता बोलता त्यानं तापलेल्या कणसावर लोण्याचा गोळा फिरवला. लोणी तिथं क्षणभरही थांबलं नाही. सळसळत खाली उतरलं, निखाऱ्यात पडलं, आणि भप्‌कन जाळ उठला. मागोमाग तिखटही निखाऱ्यात गेलं. ताडपत्रीखाली असा काही ठसका उडाला की शेजारी बांधलेल्या खिल्लारी बैलानं शिंकून दावं ताणलं. दोघंही खोकत, डोळे पुसत बाहेर पावसात आली.

"रामूचं पांढरं असं पळून जात होतं?" खोकल्यातून वाट काढत मनकर्णानं विचारलं.

"न्हाई बा. घट धरून बसायचं."

"मग ते लोणी नव्हतंच. गरम कणसावर लोणी वितळणारच. घट्ट हवं, थोडं आंबट हवं... चक्का! दह्याचा चक्का आणि त्यात साय. आणि चीज म्हणजे तरी काय, दूध फाडून, दाबून, वाळवलेलं."

तो तिच्याकडं पाहतच राहिला. भुरभुर त्याच्या पापण्यांवर बसली होती, पण ती पुसायचं त्याला सुचलं नाही.

"तुमी सूर्यभान मास्तरांच्या मनकर्णा न्हवं?"

"आणि तुम्ही?"

"छबूबाईंचा धाकला. गहिनीनाथ. तुमच्या घरी दूध येतं ते आमच्याच म्हशीचं."

"म्हणजे दूध तुमचं, मका तुमचा, शेगडी तुमची," मनकर्णा म्हणाली. "फक्त अक्कल बाहेरून आणायची राहिली होती."

"तर! आता आयती ताडपत्रीखाली आली."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचं दूध आणायला मनकर्णा स्वतः जाऊ लागली. मास्तरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, आणि पुन्हा वाचनात डोकं घातलं.

गहिनीनाथाच्या घरी खरी लढाई होती ती छबूबाईंशी. फडक्यात दही टांगलं तोवर त्या गप्प होत्या. पण मनकर्णानं उकळत्या दुधात लिंबू पिळलं, तशा त्या ओट्यावरून उठूनच आल्या.

"अगं बाई, चांगलं दूध नासवतीस? तेबी आईतवारी?"

"काकू, नासवत नाही, फाडतेय."

"दुधाला दोन्ही सारखंच गं! आनि नासवून करायचं काय, तर कनसाला लावायचं. म्हस मका खाती, दूध देती. तुमी ते दूध परत मक्यालाच लावनार. मग मधी म्हस ठेवलीय कशाला मी?"

गहिनीनाथ हसू दाबायला गोठ्यात पळाला.

पहिल्या खेपेला फाटलेलं दूध नीट दाबलं गेलं नाही. कणसावर त्याचे ओले गोळे बसले. दुसऱ्या खेपेला मीठ जास्त झालं. मनकर्णा हटली नाही. तिनं दुधाच्या गाठी फडक्यात बांधल्या, पाट्याखाली दाबल्या, दोन दिवस सावलीत वाळवल्या. हातात चुरल्यावर पांढरा, खारट, भुरभुरीत चुरा पडला. कणसाची बाहेरची पानं काढून, आतली दोन-तीन तशीच ठेवून, तिनं कणसं पाण्यात बुडवली.

"भिजवून भाजायचं?" गहिनीनाथानं विचारलं.

"आधी पानांच्या आत वाफेवर शिजू दे. मग पानं सोलायची आणि उघडं भाजायचं. नाहीतर वरून काळं, आतून कच्चं."

"मानसांचं बी आसंच आसतं."

"कुणाचं?"

"...कनसाचंच म्हनतोय मी."

पानं सोलली तसा गोड वाफेचा लोट वर आला. उघड्या दाण्यांवर निखाऱ्याची धग लागली आणि ते तडतडू लागले, जागोजाग तपकिरी झाले. मनकर्णानं सायीत फेटलेला चक्का चमच्याच्या पाठीनं फासला. तो बसला! जागचा हलला नाही. वर चुरा, त्यावर लाल तिखट, शेवटी लिंबू. पहिलं कणीस छबूबाईंना गेलं. त्यांनी नाक मुरडून एक घास घेतला. मग दुसरा. मग बराच वेळ अंगणात फक्त त्यांच्या खाण्याचा आवाज.

"कसं लागतंय, आये?" गहिनीनाथानं अखेर विचारलं.

"बोलायला तोंड मोकळं हाय का माजं? दुसरं भाज."

गहिनीनाथानं आपलं कणीस चाखलं आणि डोळे मिटले. "रामू..." एवढंच म्हणाला. ओठाला चक्का लागलेला, मिशीवर तिखट. मनकर्णाला वाटलं, आपण हात पुढं करून ते पुसावं... आणि मग वाटलं, दुधाची चरवी घेऊन ताबडतोब घरी जावं.

ती चरवी घेऊन निघाली, तर तो वेशीपर्यंत सोबत आला. बाभळीखाली थांबला. आडवळणानं बोलायचं त्याला माहीतच नव्हतं.

"मी मास्तरांना भेटाया येऊ का? तुमच्यासाठी. पर आधी तुमची मर्जी कळाया पायजे."

‘या’ म्हणायला मनकर्णानं तोंड उघडलंच होतं. पण त्याच क्षणी तिला आठवली ती दोन घरं, जी तिला पाहून गेली होती. दोन्हीकडच्या मंडळींनी सारखंच म्हटलं होतं– शिकली ते शिकली, आता पुरे. दिवाळीनंतर पुण्याच्या कॉलेजात तिला प्रयोगशाळेतली नोकरी मिळणार होती. हा तिसराही तेच म्हणाला तर? त्या दोघांचं काही वाटलं नव्हतं. याचं वाटलं असतं. म्हणून सरळ विचारायचं सोडून ती चेष्टेत शिरली.

"येऊ शकता. पण एक अट आहे. ज्याच्या दाण्यांच्या ओळी विषम भरतील, असं कणीस दाखवा. मग या."

"विषम म्हंजी... एकी-बेकीतली एकी?"

"हो. अकरा, तेरा, पंधरा. काहीही चालेल."

"येवढंच? आख्खं वावर उभं हाय!" त्याचा चेहरा उजळला. "सापडलं तर येतो. आनि श्येवटचं कनीस भाजूस्तवर न्हाई सापडलं, तर पुन्ना ही गोष्ट काढनार न्हाई. शब्द हाय माजा."

शब्द द्यायला तिनं सांगितलं नव्हतं. तिला सांगायचं होतं, की अहो, कणसावर दाण्यांच्या जागा जोडीजोडीनं धरतात. एका जागी दोन. म्हणून ओळी कायम बेकीच. कॉलेजात तिनं कोवळी कणसं चिरून पाहिली होती, एकी एकदाही आढळली नव्हती. पण तो शीळ घालत मागं फिरलासुद्धा. तिला वाटलं, चार दिवसांत कळेल त्याला, हसेल, मग आपणही हसू.

तो हसला नाही. मोजू लागला.

रोज संध्याकाळी शेगडी पेटायची. सोललेल्या कणसावर तो बोट फिरवायचा, पहिल्या ओळीवर कोळशाची खूण करून. "बारा... चवदा... चवदा... सोळा..." मनकर्णा शेजारी बसून ताडून पाहायची. कधी दोघांची बोटं एकाच ओळीवर यायची आणि मोजणी चुकायची. मग पुन्हा पहिल्यापासून. शनिवारी तो बाजारात शेगडी मांडायचा, तिथंही गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी प्रत्येक कणीस मोजायचा. बाजारातले जाणते म्हणायचे, छबूबाईच्या पोराला लढाईत काहीतरी लागलंय. पण कणीस घ्यायला तेच आधी उभे. तिसऱ्या शनिवारी दुपार कलायच्या आत टोपली रिकामी झाली.

वावर मात्र मागं सरत होतं. एका कडेनं ताटं कापली जात होती, आणि मनकर्णाची झोप उडत होती. हा माणूस दिलेला शब्द मोडणार नाही, एव्हाना तिला पुरतं कळलं होतं. शेवटचं कणीस भाजलं की तो गप्प बसेल. कायमचा. आणि ही अट घातली कुणी? तिनंच.

शेवटच्या संध्याकाळी टोपलीत एकच कणीस होतं. आभाळ धुऊन निघालेलं, पश्चिमेला केशरी. छबूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. गहिनीनाथानं कणीस सोललं, भाजलं, हवेत दोनदा झेलून निववलं, खूण केली आणि बोट फिरवलं.

"...बारा, तेरा, चवदा." त्यानं कणीस ताटलीत ठेवून ताटली तिच्यापुढं सरकवली. "घ्या. पाव्हन्यांचा मान. चक्का तुमीच लावा."

"गहिनीनाथ, ऐका. मका कधीच—"

"बेकीतच येतो. कळलंय मला."

मनकर्णा थक्क झाली. "केव्हापासून?"

"दुसऱ्या आठवड्यातच. दोनशे कनसं मोजली, एक एकी न्हाई. मानसाचं नशीब कितीबी फाटकं आसू द्या, येवढं फाटत न्हाई."

"मग... मोजत का राहिलात?"

"मोजताना तुमी शेजारी बसत हुता."

एवढं बोलून तो निखारे सारखे करू लागला. कान मात्र लाल झाले होते, आणि ते काही धगीनं नव्हे. पुढं एक अक्षर बोलला नाही. शब्द म्हणजे शब्द.

मनकर्णानं श्वास घेतला. आता तिचीच पाळी होती.

"मला दिवाळीनंतर पुण्याला जायचंय. कॉलेजात नोकरी आहे. सोडणार नाही मी ती."

"सोडा म्हनलं कुनी? वावर थोरला कानिफदादा बगतो. मला नगर-पुने मोटारीवर डायवरकी मिळतीय. एक रात नगरजवळच्या केडगावात मुक्काम, एक रात पुन्यात. फौजेत तीन वर्सं शेगडी घिऊन हिंडलो की मी! जितं शेगडी, तितं घर." तो थबकला. "ह्ये मी इचारत न्हाई हां. तुमी इचारलं म्हनून सांगितलं."

ओट्यावरचा शेंगांचा आवाज थांबला होता.

मनकर्णानं कणीस उचललं. चक्क्याच्या वाटीला हातही लावला नाही. कोळशाच्या खुणेची ओळ शोधली, आणि बुडापासून एकेक दाणा अंगठ्यानं उचकटून तोंडात टाकू लागली. शेजारच्या ओळीला नखही न लावता, सरळ, शेंड्यापर्यंत.

"अगं, आसं कुनी कनीस खातं व्हय?" छबूबाईंना राहवेना.

मनकर्णानं शेवटचा दाणा खाल्ला, ओठ पुसले आणि कणीस गहिनीनाथापुढं धरलं.

"मोजा."

त्यानं कणीस घेतलं. बोट फिरवलं. मग तिच्याकडं न बघताच ते उलटं धरलं आणि दुसऱ्या बाजूनं पहिल्यापासून मोजलं.

ओळी तेरा भरल्या.