दहा पावलांवरचा ठिपका

बस गं, आणि दिवा जरा इकडे ओढ. उद्यापासून डोंगरावरच्या घरांच्या फेऱ्या तुझ्या, म्हणजे हे मशीनही तुझंच. पण ते हातात देण्याआधी त्याची गोष्ट तुला सांगायलाच हवी.

मला रस्ते कधी लक्षात राहिले नाहीत. बाळंतपणं करायला घरोघरी फिरणारी नर्स मी, आणि आमचे हे पाहुण्यांना सांगणार, "हिला स्वयंपाकघरातून अंगणात जायलाही नकाशा लागतो." मी हसायची. पण त्या वर्षी हसू पळालं होतं. दोनदा वाट चुकून उशिरा पोचले होते. डॉक्टरीणबाईंनी बोलावून स्पष्ट सांगितलं, "आणखी एकदा असं झालं, की फेऱ्या बंद. तुम्ही टेबलावर बसायचं." टेबलावर! बाळं झेलणाऱ्या हातांनी दिवसभर रजिस्टरं भरायची! त्या रात्री मी रडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकान गाठलं. तळहातावर मावणारं, छोट्या कॉम्प्युटरसारखं हे मशीन माझ्याकडे होतंच. आपण कुठे आहोत हे त्याला कळवणारा जीपीएस रिसीव्हर आणि वाट दाखवणारं सॉफ्टवेअर, एवढं हवं होतं. ह्यांनी वायरवाला रिसीव्हर उचलला.

"हाच घे. गाडीतच लटकेल, विसरायची भानगड नाही."

"मी काही विसरत नाही," मी फणकाऱ्याने म्हटलं आणि मुद्दाम बिनतारी उचलला. काडेपेटीएवढा, काळा, गुळगुळीत.

दुकानदाराने बजावलं, "मशीनपासून दहा पावलांच्या आत ठेवा हं ताई. त्यापलीकडे संबंध तुटतो. आणि ह्या जातीच्या सगळ्या रिसीव्हरचं मशीनला दिसणारं नाव एकच. जो जवळ असेल, त्याला मशीन पकडतं." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमच्या आधीच्या मोठ्या बाईंनीही हाच नेला होता."

मोठ्या बाई म्हणजे माझ्याआधी ही फेरी करणाऱ्या नर्स. त्याच्या दोन वर्षं आधी धुक्यात त्यांची गाडी बंद पडली. त्या पेशंटच्या घराकडे चालत निघाल्या आणि पोचल्याच नाहीत. ओढ्याकाठी बॅग सापडली, बाकी काहीच नाही. मी विषय बदलला आणि सॉफ्टवेअर बघायला लागले. एकात घरं, झाडं, सगळं रंगीत. दुसऱ्यात नुसत्या रेघा आणि एक हिरवा ठिपका, पण वाट चुकली की क्षणात नवी काढून देणारं. मी दुसरं घेतलं. वाट चुकण्याची मला खात्रीच होती!

पंधरा दिवस मजेत गेले. मग एका दुपारी निरोप आला. अगदी वरच्या घरातली पहिलटकरीण अडली होती, बाळ पायाळू होतं. मी बॅग घेऊन धावले.

निघाले तेव्हा लख्ख ऊन होतं. अर्धा घाट चढले आणि धुकं उतरलं. गाडीचं नाकसुद्धा दिसेना. काच खाली केली, तर ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा वास आत आला. समोर मशीनवर हिरवा ठिपका शांतपणे सरकत होता. वेग ताशी चार किलोमीटर, माणूस चालतो तेवढा. मीही गाडी तेवढ्याच वेगाने हाकत होते. एकच गोष्ट खटकत होती. प्रत्येक वळणावर ठिपका आधी वळायचा आणि गाडी नंतर.

ओढ्याजवळ तो थांबला.

गाडी तर चालतेय... मग हा का थांबला? मी ब्रेक दाबला, उतरले, टॉर्च रोखला. दहा पावलांवर पूल असायला हवा होता. तिथे काहीच नव्हतं. फक्त खालून पाण्याचा आवाज येत होता.

कशीबशी गाडीत बसले, दार लावून घेतलं. इंजिन बंद होतं, गाडी जागेवर उभी होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत ठिपका हलला. डावीकडे वळून वरच्या कच्च्या वाटेला लागला. जरासा गेला... आणि थांबला.

"कोण आहे?" मी विचारलं. ओल्या पाचोळ्यावर काहीतरी वाजलं, एवढंच.

उपग्रह गोंधळले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. परतायला हवं होतं, हे कळत होतं. पण वर एक पोर जिवाच्या आकांताने ओरडत असेल, हेही कळत होतं. मी गाडी सुरू केली आणि ठिपक्याच्या मागे निघाले.

वेळेवर पोचले. आणखी अर्धा तास गेला असता, तर काही खरं नव्हतं. आधी पाय आले, मग बाळ, आणि मग असा काही टाहो फुटला, की सगळं घर हसायला लागलं. मुलगी होती. तिला आईच्या कुशीत देताना मला इतका आनंद झाला, की धुकं, पूल, सगळं विसरले.

मग त्यांच्या फोनवरून घरी कळवलं.

"पोचलीस?" ह्यांचा आवाज घाबरा होता.

"पोचले की. मशीनने बरोबर आणलं."

पलीकडे ह्यांनी काहीतरी उचलून पुन्हा ठेवल्याचा आवाज आला.

"ऐकताय ना?"

"अगं... कसं आणलं? तुझा रिसीव्हर इथे आहे. चार्जरवर. तू विसरून गेलीस."

मी खिडकीतून अंगणातल्या गाडीकडे बघितलं. मशीनची काच उजळलेली होती आणि ठिपका हिरवाच होता.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मला एकदाही उशीर झाला नाही आणि टेबलावरही बसावं लागलं नाही. भीती गेली म्हणशील, तर नाही गेली. पण सोबतीची सवय झाली. बॅग मी मागे ठेवते, शेजारची जागा मोकळी असू देते.

घे, हे मशीन घे. माझा रिसीव्हर कपाटात पडलाय, कित्येक वर्षांत चार्जही केलेला नाही. तो राहू दे तिथेच, तुला लागणार नाही.

किल्ली उचललीस ना आत्ता? हे बघ... ठिपका निघाला.