तिसरी पुकार

"ई का ह बहिनजी? बेसन?"

चक्कीवाल्यानं डब्यात हात घातला, तशी शरदिनी कळवळली. धुरात डोळे चोळत भाजलेली चकलीची भाजणी ती! गव्हावर दळली की गेली कामातून. याला आता हिंदीत कसं समजवायचं, या विचारात ती असतानाच मागून आवाज आला. आणि तोही चक्क मराठीत.

"भाजणी आहे ना? थांबा, माझे तांदूळ आधी टाकू. जातं साफ होईल, मग तुमचं दळण."

तिनं वळून पाहिलं. गळ्यात मफलर, चष्म्याच्या काचांवर पिठाची धूळ, पन्नाशीचा माणूस.

"पण दिवाळी तर केव्हाच झाली," तो म्हणाला. "ही भाजणी कसली?"

"नाताळची."

"म्हणजे तुमच्याकडे आत्ता चकल्या? मग आमचंच काहीतरी चुकलं म्हणायचं!"

शरदिनी हसली. नवरा गेल्यापासून परक्या पुरुषाशी ती कामापुरतंच बोलायची, आणि इथे उभी राहून हसत होती. तीही चक्कीवर!

ही गोष्ट त्र्याण्णवच्या डिसेंबरातली. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे ती नगरहून बनारसला आली होती. तो वारला, तरी ती इथेच राहिली. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, दर रविवारी चर्चला जायची, आणि बकुळला, आपल्या एकुलत्या एक मुलीला, वाढवायची. चक्कीवरचा तो माणूस, वासुदेव ताम्हणकर, मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा काशीकर. वडील दशाश्वमेधावर यात्रेकरूंची पूजा सांगायचे. हा डीरेकात, इंजिनांच्या कारखान्यात, ड्राफ्ट्समन. आईचं दुखणं काढण्यात लग्न राहूनच गेलेलं.

त्यानंतर वर्षभर काय झालं म्हणून विचाराल, तर काहीच नाही. मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर कुल्हडातला चहा. गुडघ्याच्या दुखण्याच्या तक्रारी. बरोबरीच्या वयाचं, मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून दोघं एकमेकांकडे मराठी बोलायला यायचे... असं दोघंही स्वतःला बजावत होते. पण उतरताना तो हात पुढे करायचा, आणि ती तो सोडायला जरा जास्तच वेळ लावायची.

"तुम्ही मला बाटवणार नाही ना?" त्यानं एकदा मिश्कीलपणे विचारलं.

"तुम्हाला? तुम्ही चहातली साखर कमी करायला तयार नाही, धर्म कुठून बदलाल!"

रात्री अंथरुणावर बसून मात्र ती प्रार्थना करायची आणि अडखळायची. 'बापा, सत्तेचाळिसाव्या वर्षी ही काय थट्टा मांडलीस? नको असेल तर नाही म्हण. पण गप्प बसू नकोस.'

देव गप्प होता. माणसं नव्हती.

जानेवारीत बकुळचं लग्न ठरलं, त्याच चर्चमधल्या रोहन मसीहशी. त्यांच्या रिवाजाप्रमाणे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. पाद्री साहेब मुलामुलीचं नाव वाचतात आणि विचारतात, या विवाहाला कुणाची हरकत असेल तर आत्ता बोला. दोन रविवार कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या पुकारनंतर संध्याकाळी रोहनची आई घरी आली. चहाला हातही लावला नाही.

"बहनजी, लड़की से हमें कोई शिकायत नहीं. पर आप घाट पर उन पंडितजी के साथ... लोग मुझसे पूछते हैं. मैं क्या जवाब दूँ?"

शरदिनीनं कप उगाच तिच्याकडे सरकवला.

"तीसरी पुकार से पहले यह सब खत्म कीजिए. नहीं तो चर्च में मैं खुद खड़ी हो जाऊँगी."

दाराआड बकुळ उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पोरीचे डोळे लाल झाले होते, आणि शरदिनीला ते पुरे होतं. त्यातच पाद्री साहेबांनी मागच्याच महिन्यात हळूच सुचवलं होतं, की विश्वासाबाहेर घर मांडायचं असेल, तर प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे यावं की नाही, याचा आपणच विचार करावा. मुलीचं लग्न, देवाघरचं ताट... एका माणसापायी सगळं पणाला लावायचं?

दुसऱ्या दिवशी भोसले घाटावर गारठ्यात ती ताम्हणकरांसमोर उभी राहिली. बसली नाही.

"आपण आता भेटायचं नाही."

"बकुळचं लग्न होईपर्यंत?"

"कधीच नाही." मग तिनं बकुळच्या होणाऱ्या सासूबाईंनी घातलेली अट सांगितली, खाली बघत, भरभर. पण त्या बाई चर्चमध्ये उभ्या राहणार होत्या, हे काही जिभेवर आलं नाही.

त्यानं मफलर सारखा केला. मग म्हणाला, "एक विचारू? हे तुमचा देव म्हणाला, की त्या बाई म्हणाल्या?"

"देवाला मध्ये आणू नका!"

"तो मध्ये आहेच की, शरदिनीबाई. मला त्याची अडचण कधीच वाटली नाही."

तिला इतका राग आला... खरं तर राग नव्हताच तो. ती तरातरा पायऱ्या चढून गेली आणि गल्लीच्या वळणावर भिंतीला टेकून हमसून हमसून रडली.

तिसरा रविवार उजाडला. चर्च भरलेलं. शरदिनी आणि बकुळ एका बाकावर, पलीकडे रोहन आणि त्याची आई. पहिल्या भजनाला लोक उभे राहिले, तेव्हा शरदिनीनं सहज मागे पाहिलं आणि ती भजनाची ओळच विसरली. शेवटच्या बाकाशी ताम्हणकर! जोडे दाराबाहेर काढून आलेले, नुसत्या मोज्यांवर. लोक उठले की उठत होते, बसले की बसत होते, पण प्रत्येक वेळी जरा उशिरानं.

'हा माणूस आज मला मारणार,' ती मनात म्हणाली.

पाद्री साहेबांनी नावं वाचली. "अगर किसी को कुछ कहना हो, तो अभी कहे."

रोहनच्या आईनं पदर सावरला. पुढच्या बाकावर हात टेकला. बकुळनं तिचं मनगट घट्ट धरलं...

आणि मागचा बाक करकरला.

"मुझे कहना है."

सगळं चर्च वळलं. ताम्हणकर उभे होते.

आता त्या भल्या माणसाला काय ठाऊक, की इथे हरकत विचारतात! त्यांच्या घरात लग्नाच्या याद्या करताना वडीलधारे असंच विचारायचे, कुणाला काही बोलायचंय का? मग मुलीकडचा कुणीतरी उठून मुलीचं कौतुक करायचा. बिचाऱ्या बकुळला वडील नाहीत, काका नाहीत. मग कोण बोलणार?

"लड़की सोना है," ते म्हणाले. "इसकी माँ ने अकेले पाला है. और किसी को अड़चन मेरी हो, तो मैं नौकरी छोड़कर बहन के पास उज्जैन चला जाऊँगा. इन पर गुस्सा मत कीजिए. बस."

"कोई कहीं नहीं जाएगा!"

हे कोण बोललं, हे शरदिनीला आपण उभ्या आहोत हे कळल्यावर कळलं. पुढचे हिंदी शब्द काही केल्या सापडेनात, आणि मग सरळ मराठीच बाहेर पडली. त्या चर्चमध्ये मराठी कळणारे तिघंच होते. बकुळ, ताम्हणकर आणि देव.

"माझं या माणसावर प्रेम आहे. त्यांचा धर्म त्यांचा, माझा माझा. लग्न करीन तर कोर्टात करीन, पण रविवारी इथेच येईन. हे माझ्या बापाचं घर आहे. त्याला विचारलंय मी, रोज विचारलंय. तो नाही म्हणाला नाही. मग मी का म्हणू?"

"क्या कह रही हैं ये?" रोहनच्या आईनं विचारलं.

काय सांगायचं ते बकुळच्या हातात होतं. काहीही थाप मारली असती तरी खपली असती. ती उठली.

"आई कह रही हैं... कि इनसे प्यार करती हैं. और चर्च नहीं छोड़ेंगी." तिनं रोहनकडे पाहिलं. "और मैं आई के साथ हूँ. अब तुम सोच लो."

रोहननं आपल्या आईच्या हातावर हात ठेवला. "मम्मी, मैंने सोच लिया है. अब आप बैठी रहिए."

पाद्री साहेब खाकरले. "यह कोई आपत्ति नहीं है. किसी और को कुछ कहना है?"

रोहनच्या आईनं पुढच्या बाकावरचा हात काढून घेतला. मग भजनाचं पुस्तक उघडून तिनं त्यात तोंड घातलं. तिसरी पुकार पूर्ण झाली.

प्रभुभोजनाची वेळ आली. शरदिनी पुढे जाऊन गुडघ्यांवर बसली, हात पसरून. पाद्री साहेब तिच्यापाशी थांबले. नेहमीपेक्षा जास्तच थांबले. तिनं मान वर केली नाही, हातही मागे घेतले नाहीत. आणि भाकर तिच्या तळहातावर आली.

ती परतली, तेव्हा बकुळनं सरकून ताम्हणकरांना आपल्या बाकावर जागा दिली होती. ते अवघडून, मान खाली घालून बसले होते.

"फार चुकलं का हो माझं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"फारच!"

"मग आता... उज्जैनचं काय करू?"

शरदिनीला एकदम हसू आलं, आणि रडूही. तिनं भर चर्चमध्ये, रोहनच्या आईदेखत, त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"बहिणीला आपल्या लग्नाला बोलवा," ती म्हणाली.