त्याची जुनी प्रत

गोष्ट खरी आहे. मला नीट सांगता येईल का, याचीच शंका वाटते. पण त्या संध्याकाळी मी स्वतः तिथे बसलो होतो.

माझी भाची एका कंपनीत लिनक्सच्या इमेज बनवते. इमेज म्हणजे तयार साचा. त्यावरून कंपनीतले सगळे सर्व्हर उभे राहतात. साच्यात वर्षानुवर्षांची पॅकेजेस, म्हणजे कुणी कुणी लिहिलेले छोटे प्रोग्राम, साचतात. कोणत्या पॅकेजवर कोण अवलंबून आहे ते बघायचं. कुणीच नसेल, तर काढून टाकायचं.

गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, तिच्यासमोर एक पॅकेज आलं.

तिच्या नवऱ्यानं लिहिलेलं.

तो त्याच कंपनीत होता. त्याला वारून वर्ष होत आलं होतं. ती रडली नव्हती. कामाला जायची, यायची, जेवायची.

"राहू दे गं ते," शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला. "कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"कुणाला लागत नाही ना? मग उडवायचं. उद्या तू गेलास की तुझीही उडवीन."

तो हसला. तिनं पॅकेज काढलं. नव्या इमेज तयार झाल्या. रिवाजाप्रमाणे आधीच्या पुसल्या गेल्या.

संध्याकाळी घरी येऊन तिनं चहा टाकला. दोन कप काढले.

आणि...

काहीच झालं नाही.

तो गेल्यापासून रोज याच वेळी दारात किल्ली फिरायची. पावलं आत यायची. खुर्ची सरकायची. दिसायचं कुणीच नाही. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी किल्ली फिरली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मामा, येतोस का? एकटीला बसवत नाही."

मी गेलो. तिनं सगळं सांगितलं, भाजी काय केली ते सांगावं तसं.

"मग परत टाक की ते," मी म्हटलं. मला त्यातलं काय कळतंय!

"आज टाकलं. पण परवा काढलेली प्रत कुठेच उरली नव्हती. एका बंद सर्व्हरवर जुनी मिळाली. त्यानं पहिल्यांदा लिहिलेली... आमची ओळखही नव्हती तेव्हा."

किल्ली फिरली.

मीही ऐकली.

पावलं आत आली... आणि थांबली. खुर्ची सरकली नाही.

"बस ना," ती दाराकडे बघून म्हणाली.

दारात कुणीच नव्हतं. पण आवाज त्याचाच होता. कोवळा.

"माफ करा... तुम्ही कोण? माझ्या घरात कशा?"

घर त्याचंच होतं. लग्नाआधीपासूनचं.

तिनं शांतपणे आपलं नाव सांगितलं.

आता ती ते रोज सांगते.

"काढून टाक ते," मी किती वेळा विनवलं. तिचं एकच उत्तर. "आता नाही काढता येणार, मामा. लागतं कुणाला तरी."

काल फोनवर बोलताना तिच्या मागून किल्लीचा आवाज आला.

मग पावलं... जवळ, अगदी फोनजवळ.

आवाज या वेळी नम्र नव्हता.

"तुम्ही अजून इथेच?"

"ठेवते रे मामा," ती म्हणाली. "तो आलाय."

सकाळपासून मी फोन लावतोय. रिंग पूर्ण वाजते.