दुसरी नळी

जवळ सरका रे, आणि दार लोटून घ्या. वर ऐकू जायला नको.

वरच्या मजल्यावरचा विमावाला माहितीये ना? "तुमच्या माघारी बायकोचं काय होईल?" असं दारोदार विचारत हिंडतो तो. त्याची बायको बॅग घेऊन माहेरी निघाली, तेव्हा जिन्यात तिनंच मला हे सांगितलं. मी विचारलं म्हणून. मी विचारतोच.

गेल्या महिन्याची सव्वीस तारीख, शनिवार. दोघं समुद्रावर गेली होती. खडकांनी अडवलेलं, तळ्यासारखं निवांत पाणी. तिथे पाठीला हवेची टाकी बांधून बुडी मारायला शिकवतात. दोघांची पहिलीच वेळ. महाराज पोचले उशिरा, वर हुज्जत घालून शेवटची बोट काढायला लावली. साडेसहा वाजून गेलेले.

शिकवणारा सांगत होता, "टाकीला दोन नळ्या असतात. एक तुमच्या तोंडात. दुसरी, सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायची. कुणी गळ्यावरून आडवा हात फिरवला की समजायचं."

"अरे, मला काय शिकवतोस? पोहण्यात बक्षिसं घेतलीत मी!"

बक्षिसं! गुडघाभर पाण्यात आईला हाका मारणारा माणूस.

हा आधी उतरला. शिकवणारा मागून टाकी धरून. बायको मागोमाग येणार होती, दुसऱ्या शिकवणाऱ्याबरोबर.

खाली काय झालं, ते यानं त्याच रात्री बायकोपुढे कबूल केलं.

दोन पुरुष खोल पाणी. अंधारून आलेलं. आणि समोर कुणीतरी आलं... बाईमाणूस. केस पाण्यात पसरलेले.

तिनं गळ्यावरून आडवा हात फिरवला.

पुन्हा फिरवला.

याला वाटलं, बायको.

यानं दुसरी नळी मुठीत आवळली. काखेत दाबली. तिनं मनगट धरलं... यानं ढकललं. तिनं परत धरलं... यानं लाथ घातली.

मग ती थांबली. नुसती बघत राहिली...

वर आला तर बायको बोटीत. कोरडी ठणठणीत.

"तू... वर कशी?"

"मी उतरलेच नाही. ऐनवेळी भीती वाटली हो."

"मग खाली नळी मागत होती, ती..."

जीभ चावली त्यानं. पण बायको समजली.

"तुम्ही दिलीत?"

यानं तोंड फिरवलं.

"दिलीत का, विचारतेय मी!"

शिकवणाराच बोलला, "खाली कुणी नव्हतं, ताई. साहेब एकटेच लाथा झाडत होते."

अरे, भूत समजून ढकललं असतं, तर मीही म्हटलं असतं, जाऊ दे, घाबरला. यानं बायको समजून ढकललं!

बोटीत त्याची मूठ काही उघडेना. शिकवणाऱ्यानं एकेक बोट सोडवलं. नळीच्या टोकाला दातात धरायचं रबर असतं. त्याच दिवशी नवीन बसवलेलं. कुणी तोंडात घातलेलं नाही.

त्यावर दात उमटले होते.

खोल...

पार आरपार.